वकीलपत्रावर सही करायच्या आधी

मागच्या बैठकीत एका गटातून चिठ्ठी आली होती. लिहिलं होतं, "ताई, कोर्टात दावा लावायचा आहे, चांगला वकील सांगा." चिठ्ठी दोन ओळींची, पण मी चार दिवस ती पर्समध्येच घेऊन फिरले. कारण वकील सांगण्याची चूक मी एकदा केलेली आहे. आज तीच गोष्ट सांगते.

माझी आत्या. तिचा नवरा गेला तेव्हा ती चाळिशीची होती. सासऱ्यांच्या नावावरची जमीन, त्यात तिच्या वाट्याला पावणेदोन एकर यायला हवी होती. मागायला गेली तर दिरानं कागद पुढं केला. हक्कसोडपत्र, रजिस्टर केलेलं, खाली आत्याची सही. आत्याला आठवत होतं की सोसायटीच्या पीककर्जासाठी म्हणून तिला तालुक्याला नेलं होतं आणि दोन-तीन ठिकाणी सह्या घेतल्या होत्या. कर्जाच्या अर्जाची त्याच तारखेची पोच तिच्या ट्रंकेत होती.

मी तेव्हा चोविशीची, नुकतीच बी.ए. झालेली, घरात सगळ्यात शिकलेली. वकील शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी काय केलं? कोर्टासमोरच्या गल्लीत फिरले आणि ज्यांची पाटी सगळ्यात मोठी, ज्यांच्या ऑफिसात सगळ्यात जास्त माणसं बसलेली, त्यांच्याकडं आत्याला घेऊन गेले. वकील माणूस भला होता, हे आजही म्हणेन. वीस-बावीस वर्षांची वकिली होती. पण ती सगळी बँकेच्या वसुलीची आणि न वटलेल्या चेकची. जमिनीच्या वाटपाचा दावा, त्यात फसवून घेतलेली सही, हे त्यांचं रोजचं काम नव्हतं. ते त्यांनी लपवलंही नाही. मी विचारलंच नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. हक्कसोडपत्रावर ज्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या होत्या, त्यातला एक कोर्टात आला. त्या दिवशी आमचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, ज्युनिअर उभा राहिला. दहा मिनिटांत उलटतपासणी संपली. "कागद बाईंना वाचून दाखवला होता का? कुणी दाखवला? त्या दिवशी बाई तालुक्याला कशासाठी आल्या होत्या?" यातलं काहीच विचारलं गेलं नाही. सोसायटीची ती पोच आत्यानं ज्युनिअरला दाखवली होती. तो म्हणाला, "लागली तर बघू." ती पोच ट्रंकेतच राहिली. दावा फेटाळला. जिल्हा कोर्टातलं अपीलही गेलं. मग शेवटचं म्हणून मुंबईला हायकोर्टात. तिथं जे वकील भेटले ते अपिलाच्या कामात मुरलेले होते. त्यांनी शांतपणे सगळे कागद चाळले, आत्यानं पुढं केलेली पोच हातात घेतली आणि म्हणाले, "हा कागद तुमच्याजवळ पहिल्यापासून होता ना? मग तो खालीच यायला हवा होता. इथं आता कोण घेणार?"

आत्या काही बोलली नाही. परतीच्या एस.टी.त तिनं पोच पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली.

तर बघा, वकिली हे एकच काम नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आपण डॉक्टरकडं जाताना हाडाचा कोण, बाळंतपणाचा कोण, डोळ्याचा कोण हे बघतो. वकिलाकडं जाताना मात्र "काळा कोट आहे ना, झालं" असं म्हणतो.

खालच्या कोर्टात खटला चालवणारा वकील साक्षीदार उभे करतो, कागद दाखल करतो, समोरच्याची उलटतपासणी घेतो. त्याचं कसब माणसांशी. खोटं बोलणारा साक्षीदार कुठं अडखळतो ते त्याला कळावं लागतं. तलाठी, सर्कल, दुय्यम निबंधक यांच्या कागदातलं काय कोर्टात टिकतं आणि काय टिकत नाही, हे त्याला ठाऊक असावं लागतं. अपिलाच्या वकिलापुढं साक्षीदार नसतो. त्याच्यापुढं खालच्या कोर्टात जे जमलं तेवढाच गठ्ठा. तो वाचून खालच्या कोर्टाचं कुठं चुकलं ते दाखवायचं, जुने निकाल शोधायचे, कायद्याचा मुद्दा मांडायचा. नवा पुरावा अपिलात घेतात, नाही असं नाही, पण फार क्वचित, आणि "आधी का दिला नाही" याचं पटणारं कारण लागतं. आणि दिवाणी दाव्यातलं दुसरं अपील, म्हणजे जिल्हा कोर्टानंतर हायकोर्टात जातं ते, त्यात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. "साक्षीदार खोटं बोलला" हे तिथं सांगून उपयोग नाही.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे. पैसे थोडे असतील, ताकद थोडी असेल, तर ती सगळी पहिल्या कोर्टातल्या वकिलासाठी लावा. पुष्कळ घरांत उलटं होतं. खाली स्वस्तातला कुणीतरी बघतात आणि हरल्यावर दागिने मोडून मोठा वकील करतात. डाळीत मीठ पडलंच नसेल तर वाढणारा काय करणार?

अपिलाचा वकील काय करू शकतो याचंही एक उदाहरण सांगते, म्हणजे कुणी त्याला कमी लेखू नये. 1926 सालची गोष्ट. पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला. पुस्तक दिनकरराव जवळकरांचं, प्रकाशक केशवराव जेधे. खालच्या कोर्टानं शिक्षा ठोठावली. सेशन कोर्टातल्या अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि ते सुटले. तिथं गाजवायची होती ती उलटतपासणी नव्हे, कायद्याचा मुद्दा होता. आणि गंमत बघा, बाबासाहेबांनी वकिली सुरू केली 1923 साली. म्हणजे तेव्हा त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. वर्षं मोजावीत, पण नुसती वर्षं मोजू नयेत. माझ्या आत्याच्या वकिलांना वीस झाली होती.

आता वकील होतो कसा ते सांगते. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण. मग आपल्याकडं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल सनद देतं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. सनद मिळाली की तो माणूस, किंवा ती बाई, देशातल्या कुठल्याही कोर्टात उभी राहू शकते. कायद्यानं तालुक्याचा वकील वेगळा आणि हायकोर्टाचा वेगळा असा भेद केलेला नाही. म्हणून पाटीवर 'हायकोर्ट' लिहिलेलं असलं तर त्यावरून एवढंच कळतं की पाटी रंगवली आहे. हे मी मुद्दाम बोलते आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्या कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं आता तिथं. आपल्या बायकांच्या दृष्टीनं फार मोठी सोय. माझ्या आत्याला मुंबईला रात्रीच्या गाडीनं जाऊन स्टेशनवर तोंड धुवावं लागायचं. पण सोय झाली म्हणून पाट्याही वाढतील. तेव्हा विचारायचं, "साहेब, तुम्ही अपिलं किती चालवलीत? कुठल्या प्रकारची?"

आणि एक. 'सिनियर वकील' हा शब्द आपण वयस्कर माणसाला लावतो. कायद्यात तो मान आहे, हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट तो देतं. असे सिनियर थेट आपल्याकडून वकीलपत्र घेत नाहीत, मध्ये दुसरा वकील लागतो. म्हणजे फी दोघांची. तालुक्यात कुणी म्हणालं "मी सिनियर", तर बहुधा तो केस पांढरे झाल्याचं सांगतोय.

विचारायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. समोर जाड पुस्तकं, मागं फोटो, आपण खुर्चीच्या टोकावर बसलेल्या. पण सरकारसुद्धा विचारतंच की. सरकारी वकील नेमायचा तर निदान सात वर्षं वकिली झालेली लागते. फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीसाठी विधी सेवा प्राधिकरण पूर्णवेळ बचाव वकील नेमतं, त्यातल्या मुख्य वकिलाला फौजदारीचा 10 वर्षांचा अनुभव तर लागतोच, शिवाय सेशन कोर्टातले निदान 30 खटले चालवलेले असावेत अशी अट आहे. खटले मोजतात, लक्षात आलं का? आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व्हायचं असेल तरी आधी तीन वर्षं वकिली केलेली हवी. न्यायाधीशालाही विचारतात, मग आपण का विचारू नये?

दुसरं कारण असं की वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. 'आमच्याकडं शंभर टक्के निकाल' असं पत्रक त्यांना वाटता येत नाही. चांगलाच नियम आहे. पण त्यामुळं कुणी काय केलंय हे आपल्याला आपोआप कळत नाही. आपल्यालाच विचारावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक ताई घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करायला निघाली, तेव्हा मी शहाणी झाले होते. आम्ही तिघी जणी तीन वकिलांकडं गेलो. पहिल्यांनी प्रश्न विचारल्यावर घड्याळ बघितलं. दुसरे म्हणाले, "काळजी करू नका, निकाल आपलाच." असं छातीठोक सांगणाऱ्याकडून मी हल्ली चप्पल घालून सरळ बाहेर येते. तिसरी मुलगी, हो मुलगीच म्हणायला हवं, सहा वर्षांची वकिली. ऑफिसात पंखा खडखडत होता. ती म्हणाली, "पोटगी आणि घरगुती हिंसाचाराची कामं मी सुरुवातीपासून करते. सेशनला अपिलं मात्र तीनच केलीत. तुमचं तिथं गेलं आणि मला जमणार नाही असं वाटलं तर मी सांगेन." आम्ही तिला वकीलपत्र दिलं. तिनं पहिल्या दिवशी काय मागितलं सांगू? दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या ट्रॅक्टरचे कागद. "तो म्हणेल माझी कमाई नाही," ती म्हणाली, "म्हणून आत्ताच लावून ठेवू." आणि तो तसंच म्हणाला. तात्पुरत्या पोटगीचा हुकूम झाला. त्यानं 30 दिवसांच्या आत सेशनला अपील केलं. तिथं त्याच्या वकिलांनी पुष्कळ बोलून बघितलं, पण ट्रॅक्टरचा कागद गठ्ठ्यात होताच. पोटगी कायम राहिली. मुख्य काम अजून चालू आहे. तारखा पडतायत, ताई जातेय.

गटात नेहमी विचारतात, बाईच वकील करावी का? बाई वकील मिळणं हे सुद्धा सोपं नव्हतं बरं का. नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या, तरी बाई म्हणून वकिलीची दारं बंद. बंगालकडं पडद्यात राहणाऱ्या जमीनदारणींच्या इस्टेटीची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली, कारण त्या बायका पुरुष वकिलापुढं बोलतच नसत. बायकांना वकिली करता येईल असा कायदा झाला तो 1923 साली. आज तालुक्याच्या बार रूममध्येही चार-दोन जणी दिसतात. बाई आहे म्हणून ती हुशारच असेल, असं मी म्हणणार नाही. पण जे तुम्ही वकिलाला सांगू शकत नाही ते अर्जात येत नाही, आणि अर्जात आलं नाही ते पुढं कुठंच येत नाही. एवढं बघून ठरवा.

अनुभव तपासायचा कसा? मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी ॲप आहे. आपल्या केसची तारीख त्यात दिसते हे पुष्कळ जणींना माहीत आहे. पण त्यात वकिलाच्या नावानंही शोधता येतं. त्या नावावर कोणत्या कोर्टात कसली कामं आहेत ते दिसतं. एका नावाचे दोघं असू शकतात, म्हणून सनद नंबर विचारून घ्या. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींना हे काम द्या, त्या दहा मिनिटांत करतात.

त्याहून सोपा उपाय म्हणजे कोर्टात जाऊन बसा. कौटुंबिक किंवा अत्याचाराची काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडली तर कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मोबाईल बंद करायचा, मागच्या बाकावर गप बसायचं. ज्यांना वकीलपत्र द्यायचं मनात आहे ते उभे राहतात का, की दर वेळी पुढची तारीख मागतात, तासाभरात कळतं. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यालाही पुष्कळ कळत असतं, पण तो माझा चुलतभाऊ असल्यामुळं मी त्याची जास्त तारीफ करत नाही.

ज्युनिअरविषयी बोलते, नाहीतर गैरसमज होईल. ज्युनिअर वाईट नसतो. सगळे वकील तिथूनच गेले. तारीख घेणं, नक्कल काढणं ही कामं त्यानंच करावीत. पण मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी कोण घेणार, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आत्याच्या वेळी हा एक प्रश्न मी विचारला असता तर, असं अजून मनात येतं.

पैशाचं. फीची पावती मागा. "जिंकलात तर जमिनीतला इतका हिस्सा माझा" असं ठरवायला वकिलाला परवानगी नाही, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. फी राहिली म्हणून तुमचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय. तरी मूळ कागद देताना झेरॉक्स काढून ठेवा, आणि दिलेल्या कागदांची यादी करून त्यावर पोच घ्या.

आणि फीच परवडत नसेल तर? 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा, किंवा 15100 या नंबरवर फोन करायचा. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं समजू नका. त्यांच्या पॅनलवर साधारणपणे तीन वर्षांच्या अनुभवाशिवाय घेत नाहीत. पॅनलवरचा अमुक वकील द्या, अशी विनंतीही करता येते. म्हणजे इथंही तेच, "जमिनीच्या दाव्यांचं काम कोण करतं?" असं विचारायचं.

हरलात तर मुदत लक्षात ठेवा. दिवाणी दाव्यात जिल्हा कोर्टात अपील 30 दिवसांत, हायकोर्टात 90 दिवसांत. घरगुती हिंसाचाराच्या हुकुमावर सेशनला 30 दिवस. अपघाताच्या भरपाईचं हायकोर्टात 90 दिवस. निकालाची नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते यातून वजा होतात, पण नक्कलेचा अर्ज लगेच केला पाहिजे. सुतक, लग्न, सुगी म्हणून थांबू नका. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक दिवसाचं कारण सांगत बसावं लागतं.

आणि अपिलासाठी तोच वकील ठेवायचा की दुसरा? ज्यानं खटला चालवला त्याला केस पाठ असते, हे खरं. पण स्वतःची चूक स्वतःला दिसणं अवघड. मी तरी निकालाचा कागद एकदा दुसऱ्या, अपिलं करणाऱ्या वकिलाला दाखवूनच ठरवेन. कागद दाखवला म्हणून पहिल्याला राग आला तर येऊ दे.

आत्या आता आमच्या गटात आहे. जमीन गेली ती गेली. चिठ्ठी पाठवणाऱ्या ताईसाठी मी पुढच्या बुधवारी तालुका कोर्टात जाऊन बसणार आहे, आत्या म्हणाली मी पण येते. तिनं सोसायटीची ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय. नव्या बायकांना दाखवते, म्हणते, "असले कागद आहेत का घरी? काढा बाहेर." ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी दहाला एस.टी. स्टँडवर थांबा. डबा आणा, दुपारपर्यंत बसायचंय.